सावलीचा हिशेब

मार्च महिन्यातील एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही महिला मंडळापुढे पंधरा-वीस मिनिटे बोललो. विषय होता, उन्हाळ्यात घ्यावयाची काळजी. कार्यालयात बसून आम्ही व्यवस्थित टिपण काढून नेले होते. सकाळी अकरा ते दुपारी चार घराबाहेर पडू नये, पडल्यास छत्री घ्यावी, डोळ्यांना गॉगल लावावा, उघड्या अंगाला सनस्क्रीनचे मलम चोळावे, भरपूर पाणी प्यावे. भगिनींनी शांतपणे ऐकून घेतले, टाळ्याही वाजवल्या. मग मागच्या रांगेतून बांधकामावर जाणाऱ्या एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "जयभीम भाऊ. समदं बराबर हाय तुमचं. पर डोक्यावर मालाचं घमेलं आसतंय. एक हात घमेल्याला, एक हात शिडीला. छत्री कुठल्या हातात धरू?"

बायका हसल्या. आम्हीही हसलो, पण घरी येताना ते हसू टिकले नाही. पंख्याखाली बसणाऱ्या माणसाने पंख्याखाली बसणाऱ्यांसाठीच ते टिपण काढले होते. बुधवार पेठेतल्या त्या सभेत बसलेल्या भगिनींपैकी निम्म्या तरी बांधकामावर, झाडूकामावर, भाजी विकायला किंवा शेतावर मजुरीला जाणाऱ्या होत्या. अकरा ते चार घराबाहेर पडू नका, असे त्यांना सांगणे म्हणजे अर्धा रोज सोडा असे सांगणे. तेव्हा ते टिपण आम्ही फाडून टाकले. मावशींच्या प्रश्नाला उत्तर म्हणून आजचा हा मजकूर.

वाचकहो, प्रथम ऊन म्हणजे किती, ते समजून घेऊ. सोलापूरचे तापमान ४२ अंश, ४३ अंश असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. हा आकडा सावलीतला असतो. हवामान खाते तापमापक उन्हात टांगत नाही. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर, वारा खेळेल पण ऊन लागणार नाही अशा बेताने तो ठेवलेला असतो. म्हणजे कार्यालयात ४३ वाचून आम्ही जेव्हा 'हुश्श' करतो, तेव्हा डांबर अंथरणाऱ्या माणसाच्या वाट्याला वरचे ऊन, खालची सडक आणि समोरचे तापलेले डांबर, असे तिन्ही बाजूंनी येत असते. त्याचा आकडा कुठेच छापून येत नाही.

दुसरे, ऊन म्हणजे केवळ उष्णता नव्हे. त्यात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. उष्णता कळते, हे किरण कळत नाहीत. ढगाळ दिवशी, गार वाऱ्यातही ते येतात. दुपारच्या मधल्या चार तासांत त्यांचा मारा सर्वांत जास्त. आता कामावर घड्याळ बघायला कोणाला सवड आहे? त्यासाठी एक सोपी खूण आहे, ती प्रत्येकाच्या पायाशीच असते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरणांचा मारा जोरात सुरू झाला असे समजावे. ती पुन्हा आपल्यापेक्षा लांब झाली की जोर ओसरला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात एक दिवस असा येतो की सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडात नाहीशी होते. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. ते घडते बाराला नव्हे, बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी, कारण आपले घड्याळ आपल्या पूर्वेला, अलाहाबादजवळून जाणाऱ्या रेखांशावर लावलेले आहे. मुलांना हा खेळ जरूर दाखवा. शाळेला सुट्टी असली तरी शिकायला सुट्टी नसते.

सावलीवरून एक गोष्ट आठवली. १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण आयोजकांनी होऊ न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी पेशवाईचा दाखला दिला आहे. सावली पडून विटाळ होऊ नये म्हणून आमच्या पूर्वजांना रस्त्याने चालण्याचीही बंदी होती. ज्यांच्या सावलीची एवढी मोजदाद झाली, त्यांच्या डोक्यावर सावली आहे की नाही, याची मोजदाद मात्र आजही होत नाही. असो.

मोजदाद कशाची होते ते आमच्याच जिल्ह्यात बघा. सोलापूरचे डाळिंब नावाजलेले. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. डाळिंबावर संशोधन करणारे राष्ट्रीय केंद्रही सोलापुरातच आहे. आता, डाळिंबाला ऊन लागले की फळाच्या सालीवर करपट डाग पडतो आणि बाजारात भाव पडतो. म्हणून सांगोला, पंढरपूर भागात शेतकरी झाडांवर जुन्या साड्या अंथरतात, पांढरे कापड घालतात, कोणी पांढऱ्या मातीची फवारणी करतात. बागेच्या बागा रंगीत साड्या नेसून उभ्या दिसतात. त्यात आम्ही शेतकऱ्याला दोष देत नाही, त्याचे पोट त्यावर आहे. बांधकामावर चला. नवा कॉलम भरला की त्याला ओले बारदान गुंडाळतात, स्लॅबवर पाणी साठवून ठेवतात. सिमेंट उन्हात तडकू नये म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा नळीने पाणी मारायला माणूस नेमलेला असतो. फळाला साडी आहे, खांबाला ओले बारदान आहे. फळ तोडणाऱ्या बाईला आणि खांब उभा करणाऱ्या गड्याला काय आहे?

कपड्यापासून सुरुवात करू, कारण ते आपल्या हातात आहे. आमच्या मजूर बायका साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. शहरातले लोक त्याला हसतात. वास्तविक हा अत्यंत शहाणपणाचा पोशाख आहे. मलमापेक्षा कापड श्रेष्ठ. ते घामाने वाहून जात नाही आणि दर दोन तासांनी नव्याने लावावे लागत नाही. मात्र कापड घट्ट विणीचे हवे. उजेडासमोर धरले असता आरपार दिसणारे विरलेले कापड अतिनील किरण अडवत नाही, आणि ओले झाले की आणखी कमी अडवते. शर्ट सैल असावा, कॉलर उभी करता यावी. पुरुषांनी बनियनवर काम करण्याची ऐट सोडावी. उघड्या अंगाला वारा लागतो म्हणून बरे वाटते, पण ऊनही तेवढेच लागते.

डोक्याला टोपीपेक्षा टॉवेल बरा, कारण टोपीने मान आणि कान झाकत नाहीत. सोलापूरकरांना टॉवेल सांगायला नको. आमच्या चादरीला आणि टॉवेलला मानांकन आहे आणि ते देशोदेशी जातात. ते विणणाऱ्या गावातल्या मजुराने डोक्याला नायलॉनची ओढणी बांधावी, हे काही बरे नाही. सुती टॉवेल भिजवून, पिळून डोक्यावरून मानेपर्यंत घ्यावा. सुकला की पुन्हा भिजवावा. कोरड्या हवेत पाणी उडून जाताना अंगाची उष्णता घेऊन जाते. माठ गार होतो तेच तत्त्व. घमेले वाहणाऱ्या बायकांनी चुंबळही सुती टॉवेलचीच करावी आणि त्याचा एक पदर मानेवर सोडावा. ही युक्ती आमची नव्हे, त्याच मावशींची.

डोळ्यांकडे आपल्या लोकांचे फार दुर्लक्ष. वर्षानुवर्षे ऊन आणि धूळ खाल्लेल्या माणसाच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने बुबुळाकडे मांस वाढत येते. मोतीबिंदूही लवकर येतो. काळा चष्मा घ्यायचा तर अतिनील किरण अडवणारा, तशी खूण असलेलाच घ्यावा. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि किरण उलट जास्त आत शिरतात. तो परवडत नसेल तर टॉवेल कपाळावर पुढे ओढून छज्जा करावा. त्यानेही बराच फरक पडतो.

आता मलमाविषयी. सावळ्या कातडीला निसर्गानेच थोडे संरक्षण दिले आहे. उन्हाने होणारा कातडीचा कर्करोग गोऱ्या लोकांत जितका होतो तितका आपल्यात होत नाही. पण होतच नाही असे नव्हे. उघड्यावर काम करणाऱ्यांना हा धोका जास्त असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे. त्यामुळे न भरणारी जखम, वाढणारा किंवा रंग बदलणारा डाग दिसला तर डॉक्टरला दाखवावाच. ज्यांना कोड आहे, त्यांच्या पांढऱ्या डागांवर ऊन फार लवकर भाजते. त्यांनी कापडाबरोबर मलमही वापरावे, ती चैन नव्हे.

मात्र वांग आलेल्या भगिनींना आमची कळकळीची विनंती आहे. वांग उन्हाने वाढतो. तो जावा म्हणून आणि चेहरा उजळावा म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून ट्यूब आणून लावू नका. त्यांपैकी कित्येकांत स्टेरॉइड असते. महिनाभर चेहरा तुकतुकीत दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, ऊन अजिबात सोसत नाही, आणि ट्यूब सोडली की पूर्वीपेक्षा वाईट. ही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असा नियम आहे, पण नियम कागदावर असतो आणि ट्यूब काउंटरवर. गोरेपणाच्या धंद्याने आमच्या लेकीबाळींना आधीच खूप छळले आहे. एका मोठ्या कंपनीने २०२० साली आपल्या क्रीमच्या नावातला 'फेअर' हा शब्द काढला, पण आमच्या घरातल्या लग्न जमवण्याच्या बैठकीतून तो अजून निघालेला नाही. ऊन टाळायचे ते जीव सांभाळण्यासाठी, काळे पडू नये म्हणून नव्हे.

हे झाले अंगावरचे. पण खरी गोष्ट अंगाबाहेरची आहे, सावली, पाणी आणि वेळ. ही तीन मजुराच्या हातात नाहीत, मुकादमाच्या आणि ठेकेदाराच्या हातात आहेत.

आमचे वडील गिरणीत होते. गिरणीत उकाडा होता, कापसाचे तूस होते, पण डोक्यावर छप्पर होते आणि वेळेला भोंगा होता. १९४६ साली मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी मांडलेल्या विधेयकाने कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तो कायदा छपराखालच्या कामगारांचा. सोलापूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्यातल्या कित्येकांची मुले बांधकामावर, हमालीवर आली. छप्परही गेले आणि भोंगाही गेला. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, त्यात पिण्याच्या पाण्याची सोय मालकाने करावी असे लिहिले होते. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तर कामावर पाणी, विसाव्यासाठी आणि मुलांसाठी सावली, प्रथमोपचार पेटी हे सर्व होते. आता नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. कायदे बदलले, मावशींच्या घमेल्यावर मात्र तेच ऊन पडते.

भर दुपारी काम बंद ठेवणे अशक्य आहे, असे ठेकेदार म्हणतात. ज्या आखाती देशांत आमची मुले कामाला जातात तिथे काय आहे? कतारमध्ये २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते साडेतीन उघड्यावरचे काम करून घेण्यास बंदी आहे. ती काही मजुरांवर फार प्रेम करणारी राज्ये नव्हेत. तरीही तिथल्या इमारती उभ्या राहतातच.

आणखी एक उदाहरण ऊसतोडीचे आहे, म्हणून ते आपल्या जिल्ह्याने नीट ऐकावे. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा, एल साल्वादोर या देशांत ऊसतोडीचे तरुण मजूर मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागले. ना मधुमेह, ना रक्तदाब. उन्हात दिवसभर राबायचे, पुरेसे पाणी नाही, विसावा नाही, हे त्यातले मोठे कारण असल्याचे दिसून आले. मग तिथे फडावर तीन गोष्टी सुरू केल्या, पाणी, विसावा आणि हलवता येणारी सावली. मूत्रपिंडावरचा घाला कमी झाला. तोडणी बंद पडली नाही.

मावशींना आम्ही विचारले, मुकादमाला सांगून काम पहाटे पाचला सुरू करता येईल का? त्या म्हणाल्या, "पाचला कामावर जायाचं म्हंजी म्या तीनला उठायचं काय? भाकरी कोन करनार? आन् नळाची पाळी आली तर?" आम्ही गप्प झालो. पुरुष नेत्यांनी मांडलेल्या वेळापत्रकात चूल कधीच नसते. शेवटी ठरले ते असे. सात ते साडेअकरा काम, साडेअकरा ते अडीच कामाच्या जागीच सावलीत जेवण आणि विसावा, मग साडेसहापर्यंत काम. एवढ्या वेळात घरी जाऊन येणे परवडत नाही, म्हणून सावली जागेवरच हवी.

ती सावली कसली? पत्र्याची नको, निदान नुसत्या पत्र्याची नको. तापलेला पत्रा खालच्या माणसाला तव्यासारखा भाजतो. झाड असेल तर उत्तम. नसेल तर रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी जाळी, पंचाहत्तर टक्क्यांची, उंच बांधून चारी बाजू मोकळ्या. आम्ही बी.कॉम. शिकलेलो कारकून, हिशेब केल्याशिवाय आम्हांस चैन पडत नाही. जाळी, बांबू आणि सुतळी मिळून दीड हजाराच्या आत काम झाले. अठरा मजूर, उन्हाळ्याचे साठ दिवस. माणशी रोजचे दीड रुपयाहूनही कमी पडले. एका चहाचे पैसे त्याहून जास्त होतात.

आता एक दुःखद प्रसंग सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतला बारावीची परीक्षा दिलेला एक मुलगा, पुढच्या फीची सोय व्हावी म्हणून बांधकामावर जाऊ लागला. तिसऱ्या दिवशी स्लॅब होता. स्लॅबच्या दिवशी काम थांबत नाही. दुपारी तो असंबद्ध बोलू लागला. देखरेख करणारा म्हणाला, पिऊन आला असेल. त्या मुलाने आयुष्यात कधी थेंब घेतला नव्हता. मग तो पडला. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी तोंडात पाणी ओतू लागले. एका म्हाताऱ्या गवंड्याने मात्र सर्वांना बाजूला सारले आणि स्लॅबला पाणी मारायची नळी ओढून त्या पोरावर धरली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो भिजवत राहिला. मुलगा वाचला. डॉक्टर म्हणाले, त्या नळीने वाचला. तरीही पुढले वर्षभर त्याला उन्हात उभे राहवत नसे, आणि कॉलेजचे ते वर्ष गेले ते गेलेच.

यातली प्रत्येक गोष्ट लक्षात ठेवा. तिसरा दिवस होता. नव्या माणसाच्या शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि घात होतो तो बहुधा पहिल्या काही दिवसांतच. म्हणून नव्या गड्याला पहिल्या दिवशी पूर्ण उन्हाच्या कामाला लावू नये. थोडे थोडे वाढवावे. आजारातून उठलेल्यालाही तोच नियम. बरळणे, तोल जाणे, बेशुद्धी ही उष्माघाताची लक्षणे आहेत, दारूची समजून माणसाला कोपऱ्यात निजवू नये. घाम येतो आहे म्हणजे उष्माघात नाही, असेही समजू नये. १०८ ला फोन करावा आणि गाडीची वाट न बघता सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. कांदा आमटीत घालावा.

शुद्धीत असलेल्या, गळून गेलेल्या माणसाला मीठ-साखरेचे पाणी द्यावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ताक, पन्हे, लिंबाचे सरबतही चालते. तहान लागायची वाट बघू नये, दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरला विचारावे. बायका कामावर पाणी कमी पितात. त्याचे कारण आम्ही विचारले नाही, आम्हांस ठाऊक आहे. जिथे संडास नाही तिथे 'भरपूर पाणी प्या' हा उपदेश फुकट आहे. आमच्या जुन्या टिपणातला तो दुसरा खोटा सल्ला.

शेवटी आपल्या घरचे. चौदा एप्रिल ऐन उन्हाळ्यात येतो. दुपारी दोन-तीनला डोक्याला निळा फेटा बांधून तरुण मिरवणुकीला निघतात, म्हाताऱ्या आजी कडेला तासन् तास उभ्या असतात, लेझीमवाली मुले तापलेल्या डांबरावर नाचतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लोक भर उन्हात तासन् तास बसले आणि उष्माघाताने १४ जण गेले. नोंदलेले तापमान त्या दिवशी चाळिशीच्या आतच होते, पण समुद्राकाठच्या दमट हवेत घाम सुकत नाही. ते घरून निघाले तेव्हा श्रद्धेने आनंदात निघाले होते. आपल्या मंडळांनी ध्वनिवर्धकाच्या भिंतींवर जेवढा खर्च होतो त्यातला थोडा मांडवावर, माठांवर आणि सावलीतल्या खुर्च्यांवर करावा. मिरवणूक ऊन उतरल्यावर काढावी. काही मंडळांना हे रुचणार नाही. आम्ही त्यांना समक्ष भेटून सांगणार आहोत.

मावशींच्या कामावर जाळी बांधून झाली. पहिले दोन दिवस मुकादमाने कुरकूर केली, तिसऱ्या दिवशी तोच जाळीखाली जेवायला येऊन बसला. विसाव्याच्या अर्ध्या तासाचा रोज कापायचा की नाही, यावर अजून बोलणी चालू आहेत. गेल्या रविवारी मावशी विहारात भेटल्या. आम्ही उत्साहाने विचारले, आता कसे वाटते? त्या म्हणाल्या, "सावली झाली बगा. पर पानी प्लास्टिकच्या पिंपात हाय, चहावानी तापतंय." तेव्हा येत्या रविवारी दोन मोठे माठ आणि ते ठेवायला वाळू न्यायची आहे. ज्यांच्याकडे सायकलरिक्षा किंवा टेम्पो असेल त्यांनी सकाळी आठ वाजता विहारापाशी यावे.